कंबर तीच

यांच्या पँटी मी मागून उसवत होते, हे यांना सात वर्षं कळलं नाही. कळू दिलं नाही, असंच म्हणायला हवं. शिवणकाम हा माझा धंदा. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन आणि गळ्यात कायम टेप. आधी ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे गणवेश. पुढे रेडिमेडचं पेव फुटलं आणि माझ्याकडे नुसतं आल्टरचं काम उरलं. म्हणजे दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं, आणि आपण हात लावलाय हे दिसू द्यायचं नाही. त्यात माझा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. तो हात मी घरात वापरला.

हे भोसरीकडच्या एका कंपनीत स्टोअर्सला कारकून होते. सकाळी सायकलने स्वारगेट, तिथून कंपनीची बस, संध्याकाळी तसंच परत. अंगाने काटक. कंबर बत्तीस. लग्न झालं तेव्हा मी माझ्या हाताने मोजली, बत्तीस; लेक कॉलेजात गेली तेव्हाही बत्तीस. याचा यांना केवढा अभिमान! पट्टा कधी लावला नाही. "घरची शिलाई आहे, पट्टा कशाला?" असं कुणी न विचारताच सांगायचे.

त्या अभिमानामागचं कारण मला ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं सगळं झालं. यांचं लहानपण नगरकडच्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीत गेलं. एक वेळ भाकरी, दुसऱ्या वेळी पाणी. "आमच्या गावात पोट दोघांनाच होतं," हे म्हणायचे, "एक सावकार आणि एक पाटील. बाकी सगळ्यांचं पाठीला चिकटलेलं." पोट सुटलेला माणूस दिसला की यांच्या कपाळाला आठी पडायची. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला यांनी तोंडावर सुनावलं होतं, "दुसऱ्याच्या ताटातलं ओढल्याशिवाय एवढं सुटत नाही हो." बिचाऱ्याला थायरॉइडचा त्रास होता. तो पुढे वर्षभर आमच्याशी बोलला नाही.

मग कंपन्यांचे दिवस फिरले. बाहेरच्या कंपन्या आल्या, स्टोअर्सची रजिस्टरं कॉम्प्युटरवर गेली, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना सांगण्यात आलं, स्वेच्छेने निवृत्त व्हा. स्वेच्छा कुणाची, ते विचारायचं नाही. हे पंचावन्नाव्या वर्षी घरी बसले. सायकल जिन्याखाली गेली. केबल घेतली होती, तिच्यावर दिवसभर बातम्या, आणि बातम्यांसमोर हे. ज्याला तीस वर्षं भोंग्यावर उठायची सवय, तो माणूस सकाळी नऊ वाजता "आता काय करू?" असं माझ्या तोंडाकडे बघायचा. मी काय सांगणार? मी चहा टाकायची, बरोबर काहीतरी द्यायची. चिवडा, खारी, कधी गरम भजी. दुपारी पुन्हा तेच.

वर्षही झालं नसेल. भाच्याच्या लग्नाला निघालो होतो. हे आरशासमोर उभे, श्वास आत ओढलेला, पँटीचं बटण बोटांत, आणि बटण काही काजापर्यंत पोचेना.

"काय गं, ही पँट आटली की काय?"

टेरिकॉटची पँट! टेरिकॉट कधी आटतं का? मी तोंड उघडलं होतं तेच बोलायला. पण आरशात यांचा चेहरा दिसला. कंपनीतून शेवटचे घरी आले त्या दिवशी असाच होता. म्हटलं, "आटली असेल. त्या नव्या पावडरीत भिजवली होती मी." हे जुनी सैलसर पँट घालून लग्नाला आले. दुसऱ्या दिवशी पेपर आणायला खाली उतरले, तेवढ्यात मी ब्लेड घेतलं आणि मागची शिलाई उसवली.

पुरुषांच्या पँटीला मागे, बसायच्या शिवणीत, दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच कापड जादा सोडलेलं असतं. त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. ते थोडं मोकळं करून पुन्हा शिवलं की कंबर अर्धा इंच वाढते, आणि पुढून बघणाऱ्याला काही कळत नाही. मागून जरा गडद रेघ दिसते, कारण आतलं कापड ऊन न लागल्यामुळे विटलेलं नसतं. पण स्वतःची पाठ कोण बघतं? शिवाय घरी बसल्यापासून हे शर्ट बाहेरच सोडायचे. चार दिवसांनी तीच पँट घातली, बटण लागलं, आणि हे हसले. "बघ, धुतल्यावर पुन्हा सैल झाली. कापड असंच करतं कधी कधी." मी म्हटलं, "हो ना." झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या माणसाची लाज आपण झाकायची नाही तर कुणी?

एकदा सुरू झालं ते थांबेना. वर्षाकाठी अर्धा इंच, कधी पाऊण. नवीन पँट शिवली तर मुळातच मोठी कापायची आणि वर तोंडाने सांगायचं, "तेच माप घेतलंय हो." सगळ्यात पक्का हिशेब पांढऱ्या पँटीचा. ती वर्षातून दोनदाच पेटीतून निघायची, एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीला आणि पुढे बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना. मार्च उजाडला की मी ती गुपचूप काढायची, यांच्या रोजच्या पँटीवर पसरून बघायची आणि उसवायची. मागच्या टाक्यांच्या भोकांची एकेक ओळ कापडात तशीच राहायची. गेल्या वर्षीची, त्याच्या आधीची. मी त्या ओळींवरून बोट फिरवायची आणि पुढची ओळ शिवायला घ्यायची.

आणखी एक होतं, त्याने तर मी पुरती फसले. कंबर वाढत होती आणि मांड्या बारीक होत होत्या. "पायात ढगळ होतेय गं ही," हे म्हणायचे. मग मी मागे सोडायची आणि मांडीत घ्यायची. सायकल सुटली, चालणं सुटलं, पायांचं मांस झडत चाललं. दंडही तसेच, चेहरा ओढलेला. मंडईच्या बाहेर वजनाचं मशीन होतं, त्यावर हे दर महिन्याला उभे राहायचे, आणि काटा दोन किलो इकडेतिकडे सोडला तर तिथेच. "वजन तेच, कंबर तीच," हे जगाला सांगत फिरायचे. मलाही वाटायचं, वजन वाढत नाही म्हणजे फार काही नसेल. पोट काय, वयाबरोबर सुटतंच.

गंमत बघा, ज्या कॉम्प्युटरने बापाला घरी बसवलं त्यावरच लेकीची नोकरी. खराडीला मोठ्या काचेच्या इमारतीत ऑफिस, लग्न झाल्यावर वाघोलीत फ्लॅट, दारात गाडी. दर रविवारी यायची ती डबे-खोकी घेऊन. पिझ्झा, पेस्ट्री, पनीरचं काहीतरी, मिठाई. "बाबा, हे टेस्ट करा, बाबा, ते ट्राय करा." आणि हे खायचे. लहानपणी एका भाकरीचे चार वाटे झालेले, त्याला लेक आपल्या कमाईचं भरवतेय, तो नाही म्हणेल का? मी पण वर मटणाचा रस्सा वाढायची. यांचं ताट भरलेलं दिसलं की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? त्या ताटाने काय होतंय ते माझ्या एका हाताला माहीत होतं आणि दुसरा हात वाढत होता.

मग जिना सुरू झाला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हे दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले. तिथे सोसायटीच्या नोटिसांचा फळा होता, तो वाचायचे. पाण्याची वेळ बदलली, ही नोटीस यांनी महिनाभर रोज वाचली. नंतर पहिल्या मजल्यावरही थांबायला लागले, तिथे फळा नव्हता, तर चपलेचा अंगठा नीट करायचे. मी मशीनवर बसून कान देऊन असायची. पावलं आली, थांबली. आता येतील. अजून नाही. मशीनवरचा पाय तसाच राहायचा. दार वाजलं की मी घाईने पुन्हा मशीन सुरू करायची.

"दम लागला का हो?"

"छे! गॅस आहे. ओवा दे जरा."

ओवा, लिंबू-सोडा, हिंग. झोपताना एकाच्या दोन उशा झाल्या. पायातले मोजे काढले की घोट्याच्या वर गोल खोल वळ राहायचा, बोटाने दाबलं तर खळगा पडायचा. मी तेल लावायला बसायची आणि खळगा बघत राहायची. दिवसभर काहीतरी टोचत राहायचं. कुणाच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली, कुणाच्या साडीचा फॉल पदराच्या टोकाला लावायला घेतला. तीस वर्षांत सुई बोटात गेली नव्हती, ती त्या हिवाळ्यात दोनदा गेली.

शेवटी लेकीनेच हट्ट केला आणि आम्ही गल्लीच्या तोंडाशी जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रेशर बघितलं, जास्त होतं. वजन केलं. जुन्या कार्डावर जवळजवळ तेवढंच होतं. हे ढगळ शर्टात बसलेले, बारीक मनगटं टेबलावर. डॉक्टर म्हणाले, "वजन तर वाढलेलं नाही. पोट वाढलंय का अलीकडे? पँटीचं माप बदललं?"

"मुळीच नाही," हे म्हणाले. "बत्तीस. तरुणपणापासून बत्तीस. घरची शिलाई आहे, विचारा हिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. लेकीने बघितलं. मी टेपशिवाय घराबाहेर पडले होते, तरी हात गळ्याकडे गेला. म्हटलं, "नाही बदललं."

कप्पाळ माझं! डॉक्टरांनी प्रेशरची गोळी दिली, तपासण्या लिहून दिल्या, सवडीने करा म्हणाले. सवड कसली मिळतेय? "डॉक्टरच म्हणाले, वजन तेच आहे," असं हे बाहेर पडल्या पडल्या बोलले, आणि चिठ्ठी टीव्हीवर पडून राहिली. मी रोज ती चिठ्ठी पुसायच्या फडक्याने बाजूला सारायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. दोनदा ठरवलं, आज सांगते. एकदा तर जेवताना सुरूही केलं, "अहो, ऐका ना..." यांनी वर बघितलं, "काय?" आणि मी म्हटलं, "कोशिंबीर वाढू का?" चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, आता हे विचारणार, आता विचारणार. हे कसले विचारताहेत.

मार्च आला. पांढरी पँट काढली आणि उलटी केली. मागच्या शिवणीत कापड उरलंच नव्हतं. दोन्हीकडे कडेपर्यंत आले होते मी. त्या वेळी तरी शहाणं व्हावं की नाही? नवीन शिवावी तर हे कापड आणायला बरोबर येणार, "जुनी चांगली आहे की," म्हणणार. मग मी काय केलं, तर एका जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा कापला आणि मागे, कमरेखाली, त्रिकोणी जोड दिला. पँटीला चादरीचं ठिगळ! माझ्या गिऱ्हाइकाने असं मागितलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. "यंदा ऊन फार आहे, शर्ट बाहेरच ठेवा," मी यांना सांगितलं.

जयंतीच्या सकाळी हे पांढऱ्या कपड्यात तयार झाले. खाली पोरांनी स्पीकर लावलेले, निळे झेंडे, सगळी गल्ली गजबजलेली. हे उतरले, लोकांना जयभीम घातला, आणि चष्मा विसरला म्हणून परत वर यायला निघाले. मी पावलं ऐकत होते. पहिला मजला, थांबली. पुन्हा निघाली. दुसरा मजला, थांबली. मी वाट बघितली. खालून गाण्याचा आवाज एवढा, की वाटलं आपल्याला ऐकू आली नसतील. तरी उठले आणि दार उघडून खाली वाकून बघितलं. हे नोटिसांच्या फळ्याखाली पायरीवर बसलेले, तोंड उघडं, ओठ काळपट, एका हाताने पँटीचं बटण ओढत होते. त्यांना सुटत नव्हतं. मी धावत गेले आणि ते बटण तोडलं.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी हे जरा बसते झाले. नाकाला नळी, पायांतलं पाणी उतरवायला सुई. हृदयाच्या डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, बोलायला तोडून. त्या फाइल चाळत म्हणाल्या, "काका, गेल्या काही वर्षांत कंबर किती वाढली तुमची?"

"नाही वाढली," यांनी क्षीण आवाजात सांगितलं. "हिला विचारा. हिच्याच हातचं माप आहे."

लेक उशाशी उभी होती. ती म्हणाली, "हो डॉक्टर, बाबांच्या पँटी त्याच आहेत."

पुन्हा सगळे माझ्याकडे. यांचा विश्वासाने वर आलेला चेहरा बघवेना. आणि एकदम मनात आलं, अगं, हा माणूस काल तुझ्या टाक्यांत गुदमरत होता. मी बोलून गेले. "वाढली. पाच इंच. सात वर्षांत पाच इंच वाढली. मी मागून उसवत होते. मागच्या डॉक्टरांनाही मी खोटं सांगितलं."

बाईंनी खिशातून टेप काढला. पँट घालतात तिथे नाही, वर, बेंबीवरून फिरवला. "बेचाळीस," त्या म्हणाल्या. "पँट पोटाच्या खाली घसरते हो, त्यामुळे तिच्या मापावर जायचं नाही. आणि वजनावरही नाही. या वयात मांस झडतं, त्या जागी चरबी येते, काटा तिथेच राहतो. पोटातली चरबी नुसती बाहेर लोंबत नाही, आत आतड्यांवर, यकृतावर, हृदयाच्या भोवतीही बसते. प्रेशर वाढतं, साखर वाढते. वयाने हृदय आधीच ताठ होत असतं, त्याच्यावर रोजचं हे ओझं. काही वर्षांपूर्वी कळलं असतं तर पुष्कळ काही करता आलं असतं." एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

अबोला आठ दिवस चालला. हॉस्पिटलात, रिक्षात, घरी. औषध दिलं की घ्यायचे, हात पुढे करून. मी बोलले की भिंत. नवव्या दिवशी मी भाकरी थापत होते, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुला माहीत होतं," हे म्हणाले. "सात वर्षं तुला माहीत होतं, आणि तू मला वाढत होतीस."

माझ्या हातातली भाकरी फाटली.

"लोक हसले असते ते मी सोसलं असतं," हे म्हणाले. "मी काय काय सोसलंय ते तुला माहीत आहे. तुला मी एवढा कच्चा वाटलो?"

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. "आणि तुम्ही?" मी म्हटलं. "गावातल्या प्रत्येक पोटाला नावं ठेवणारे तुम्ही! तुमच्यापुढे ते बोलायची सोय ठेवली होती का तुम्ही? जिन्यात फळा वाचत उभे राहायचात, मला काय कळत नव्हतं? तुम्ही दम लपवलात, मी कंबर लपवली. मी एकटीच खोटारडी का?" तव्यावर भाकरी करपली. हे तिथेच खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "करपलेलीच दे. अर्धीच दे." तेव्हा मी रडले.

त्यानंतर घरात नवीन रीत सुरू झाली, ती यांनीच काढली. दर रविवारी सकाळी शर्ट वर करून उभं राहायचं, मी बेंबीवरून टेप फिरवायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. पुटपुटायचं नाही. लेक असली तर तिच्यासमोर. माझ्या हातची पँट पुन्हा घातली नाही. लेकीबरोबर जाऊन रेडिमेड आणल्या, ज्यांच्या आत माप छापलेलं असतं. मला ते लागलं. पण बोलायला तोंड कुठे होतं? लेकीने खोकी आणणं बंद केलं आणि ओट्स आणले, ते यांनी एकदा खाल्ले आणि म्हणाले, "हे गाईला घालतात ते ना?" मग ज्वारीची एक भाकरी, भाजी, आमटी. डॉक्टर बाईंनी पायात ताकद आणायला सांगितलेलं, म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, उठायचं. हे मोठ्याने मोजत उठायचे आणि सातव्याला शिव्या द्यायचे. संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत, मग मोठ्या रस्त्यापर्यंत. दीड वर्षात बेचाळीसचे साडेअडतीस झाले. जिन्यात एकदाच थांबायचे, आणि थांबले की वरून मला ऐकू येईल असं ओरडायचे, "थांबलोय!"

बाईंनी एक बजावलेलं होतं. चरबी हळू वाढते. आठवड्यात एकदम वाढलं तर ती चरबी नाही, ते पाणी. हृदय मागे पडतंय. तडक यायचं, उद्या-परवा करायचं नाही.

आणि तो रविवार आला. लेक कंपनीच्या कामाला परदेशी गेलेली, घरात आम्ही दोघंच. दुसऱ्या दिवशी विहारातली मंडळी बुद्धगयेला निघणार होती आणि हे त्यांच्यात होते. आयुष्यात पहिल्यांदा. दोन महिने तेवढंच बोलणं चाललं होतं. बॅग दाराशी भरून ठेवलेली, वर गोळ्यांचा डबा, नवी पांढरी टोपी. सकाळपासून यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चारदा बॅग उघडली, चारदा बंद केली. "चल, माप घे लवकर," म्हणाले, "मला अजून खाली जाऊन सगळ्यांना गाडीची वेळ सांगायची आहे." शर्ट वर करून उभे राहिले, वर पंख्याकडे बघत गुणगुणत.

मी टेप फिरवला. साडेचाळीस.

पुन्हा फिरवला. साडेचाळीस. आठ दिवसांत दोन इंच. मी खाली घोट्यांकडे बघितलं, सुजले होते. माझ्या जिभेवर "साडेअडतीस" तयार होतं. नुसतं सोडायचं होतं. बुद्धगया बघून येऊ देत, मग सांगू. एवढी वर्षं वाट बघितलेला माणूस, आणि चार दिवसांनी काय होणार आहे? मला खरंच असं वाटलं, आणि मनापासून वाटलं.

"किती?" हे म्हणाले. गुणगुणणं थांबलं.

"साडेचाळीस."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं. साडेचाळीस. पायही सुजलेत तुमचे. तुम्हाला उद्या जाता येणार नाही."

हे खाली बसले. बॅगेकडे बघितलं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी बघत होते, आणि मला पळून जावंसं वाटत होतं. मग शर्ट खाली केला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले. "बघत काय बसलीस? रिक्षा थांबव. बाईंना फोन कर," म्हणाले.

बाईंनी यांना ठेवून घेतलं आणि तीन दिवस पाणी काढलं. रेल्वेत बसले असते तर काय झालं असतं, ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यानंतर हे आणखी पाच वर्षं होते. बुद्धगयेला पुढच्या वर्षी जाऊन आले.

पण मला त्या रविवारचं दारच दिसत राहतं. मी यांना घाबरवलं, हे घाबरले, आणि उठून चपला घातल्या. सात वर्षं मी जे टाळत होते, ते एवढंच होतं.